वहिनींचा पगार

"तुम्ही लोकांची केवढी सेवा करता हो," असं कोणी वहिनींना म्हटलं, की त्या हातातलं काम थांबवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि म्हणायच्या, "सेवा नाही. ड्युटी." समोरचा बिचारा कौतुक करायला आलेला असायचा, तो ओशाळून जायचा. आमच्या लालबागच्या वॉर्डातून त्या पाच वर्षं नगरसेविका होत्या आणि त्या पाच वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की माझ्या बायकोच्या वाक्यांनंतर त्याचाच नंबर लागेल. शेवटी लोकांनी त्यांचं नावच ड्युटीवहिनी पाडलं. त्यांना ते आवडत असावं, कारण या नावाने हाक मारली की त्या पटकन ओ द्यायच्या.

त्या आमच्याच चाळीत, माझ्या बरोबर खालच्या खोलीत राहायच्या. माहेर देवगडकडचं. यजमान, आमचे बाळभाऊ, बसमध्ये कंडक्टर होते ते निवृत्त झालेले. वहिनी फोर्टात एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पक्षाला एक शिकलेली, चाळीत ओळख असलेली आणि फार बोलत नाही अशी बाई हवी होती. पहिल्या दोन गोष्टी त्यांना मिळाल्या. वहिनी निवडून आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी वकिलाकडे राजीनामा दिला. "दोन ठिकाणी सह्या करणार नाही," त्या मला म्हणाल्या. "एक नोकरी सोडली, दुसरीला लागले. संपलं."

चाळीच्या फाटकाशी त्यांचं ऑफिस होतं. त्याच्या दारावर त्यांनी पहिल्याच दिवशी पाटी लावली : सकाळी दहा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ, गुरुवारी सुट्टी. त्या पाटीने लालबाग हादरलं. नगरसेवकाला सुट्टी? याआधीचे आमचे मेंबर तर चोवीस तास जनतेसाठी हजर असत, असं त्यांच्या बॅनरवर लिहिलेलं असे. ते स्वतः क्वचितच दिसत, पण बॅनर मात्र खरोखरच चोवीस तास हजर असे. वहिनी बॅनर लावत नसत आणि आठ वाजता पाटी उलटी करून घरी जात. मग दारात कोणी कितीही कळवळून उभा राहिला तरी, आग लागली असेल किंवा कोणी आजारी असेल तरच त्या थांबत. बाकी सगळं उद्या दहाला.

आमच्या नाक्यावर एक फळा आहे. कोणाचं निधन, मंडळाची सभा, सुविचार असं सगळं त्यावर खडूने लिहिलं जातं. त्याचा उजवा कोपरा वहिनींनी आपल्या ताब्यात घेतला. तिथे त्यांच्या रजा लागायच्या. "उद्या रजा. मुलीची परीक्षा आहे." "परवा अर्धा दिवस. दाढ काढायची आहे." रजेचं कारण नगरसेविकेने मतदारांना द्यायचं, हा प्रकार आम्ही जन्मात पाहिला नव्हता. दर सोमवारी त्याच कोपऱ्यात त्या लिहायच्या : गेल्या आठवड्यात झालेली कामं तीन, न झालेली अकरा. आणि खाली त्या अकराही कामांची नावं. लोक झालेली तीन वाचायचे नाहीत. अकरांवर मात्र चहावाल्याकडे दुपारपर्यंत चर्चा चालायची.

त्यांना शिव्या घालायला कोणालाही मोकळीक होती, फक्त ती दहा ते एकमध्ये. आमच्या नाक्यावर पेडणेकरांची पिठाची गिरण आहे. एकदा पाण्याचा दाब कमी झाला म्हणून पेडणेकर ऑफिसात शिरले आणि पाव तास तारस्वरात बोलले. वहिनींनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "झालं? काही राहिलं असेल तर आठवून घ्या, साडेबारा झालेत." त्याच संध्याकाळी आठनंतर पेडणेकरीणबाईंकडे हळदीकुंकू होतं, तिथे वहिनी नवी साडी नेसून हजर. पेडणेकर दारातच उभे होते, त्यांना कुठे बघावं कळेना. वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्ही नगरसेविकेला बोललात. मी तर आता घरी आहे."

खरी ठिणगी पडली ती मानधनवाढीच्या ठरावावर. हा ठराव सभागृहात आला की बहुतेकजण माना खाली घालून हात वर करतात आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळतात. वहिनी उभ्या राहिल्या आणि बोलल्या. मिळतं त्यात घर चालत नाही, ज्याचं चालतं त्याचं कशावर चालतं ते त्याने सांगावं, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा पेपरात चार ओळी आल्या आणि चाळीत कुजबुज सुरू झाली. "पैशासाठी गेल्या होत्या तर!" हे वाक्य तीन मजले फिरून माझ्यापर्यंत आलं, आणि खोटं कशाला बोलू, मीही ते चौथ्या माणसाला सांगितलं.

वहिनींनी फळ्यावर लिहिलं : "होय, मी पगारवाढ मागितली. कारण हवं असेल त्यांनी दहा ते एक या वेळात यावं." कोणी गेलं नाही. मी गेलो. मी बँकेत हेडक्लार्क आणि युनियनचा जुना माणूस, त्यामुळे मला वाटलं समजावण्याचा अधिकार आपल्याला आहे.

"वहिनी," मी म्हटलं, "निदान मानधन तरी म्हणा. पगार हा शब्द कानाला बरा वाटत नाही."

"भावोजी, तुम्हाला महिन्याच्या महिन्याला काय मिळतं?"

"पगार."

"कानाला कसा वाटतो?"

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मला जे सांगितलं ते मी तेव्हा ऐकलं, पण समजलो नाही. त्या म्हणाल्या, "जो फुकट काम करतो ना, त्याला जाब विचारता येत नाही. त्याचे फक्त आभार मानता येतात. पेडणेकर मला पाव तास बोलले ते कशाच्या जोरावर? माझा पगार त्यांच्या खिशातून येतो म्हणून. तो थोडा कमीच येतो, म्हणून पाव तास. पुरेसा दिला तर त्यांनी अर्धा तास बोलावं." आणि मला चहा पाजून, बरोबर एक वाजता त्यांनी पाटी उलटी केली.

आमच्या लोकांना जाब विचारण्यापेक्षा आभार मानणंच जास्त जमतं. कोणी काही चांगलं केलं की आमचा हात खिशाकडे न जाता शाल-श्रीफळाकडे जातो. चाळीच्या कमिटीचे खजिनदार परब काटकसरी. त्यांनी एक मरून रंगाची शाल घेऊन ठेवली होती आणि सत्कार संपला की ते ती परत मागून न्यायचे. "वहिनी, तेवढी शाल द्या, पुढच्या रविवारी दहावीच्या मुलांना लागेल." पाच वर्षांत त्या शालीने वहिनींच्या खांद्यावर निदान सहा फेऱ्या मारल्या असतील. एकदा वहिनींच्याच घरी तिच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग पडला, तो काही गेला नाही. त्यानंतर शाल अंगावर आली की वहिनी आधी तो कोपरा शोधायच्या आणि डाग दिसला की परबांकडे बघून ओळखीचं हसायच्या.

मग मुदत संपली. पुढची निवडणूक लवकर लागेल असं सगळे म्हणत होते, पण ती लागेना. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता वहिनींनी दारावरची पाटी काढून घरी नेली आणि फळ्यावर लिहिलं : "ड्युटी संपली. न झालेली कामं सात." खाली सातही कामं नीट लिहिलेली होती.

लोकांना ते खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांच्या खोलीसमोर चपला जमू लागल्या. कोणाला दाखला हवा होता, कोणाचं गटार तुंबलेलं, कोणाला शाळेसाठी चिठ्ठी. वहिनी सगळ्यांना आत घेऊन पाणी द्यायच्या आणि सांगायच्या, "मी आता कामावर नाही." महिनाभर असं चाललं. त्यांचंही अवघड झालं होतं. घरात बाळभाऊंची जेमतेम पेन्शन, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, वय पन्नाशी उलटलेलं. वकिलाकडे त्यांच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती. अखेर आम्ही चार-पाचजण त्यांच्याकडे गेलो आणि निवडणूक लागेपर्यंत तुम्हीच बघा, असं साकडं घातलं.

"बघते," वहिनी म्हणाल्या. "सभा घ्या आणि माझा पगार ठरवा. माका जमात, पण फुकट नाय."

रविवारी सकाळी दहाला मंडळाच्या हॉलमध्ये आसपासच्या तीन चाळींची सभा भरली. बँकेतला म्हणून मला अध्यक्ष केलं. मी हे काम आनंदाने स्वीकारलं, फक्त एकच अडचण होती. घरी सुरमई आणलेली होती आणि रविवारी एकनंतर मला दुसरं काही सुचत नाही, हे खाली राहणाऱ्या वहिनींनाही माहीत होतं.

वहिनींनी सुरुवातच चोख केली. "आधी कामं लिहा, मग आकडा. आकडा आधी लिहिलात की सगळे मासळी बाजारात असल्यासारखे बोलतील." फळा आत आणला होता, त्यावर कामं लिहिली. पाणी, गटारं, दाखले, शाळाप्रवेश, हॉस्पिटलात खाट मिळवणं, जिन्यातली भांडणं. फळा भरला तेव्हा सगळे जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. एवढं सगळं ही बाई करत होती, हे आम्हाला बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मग चर्चा पेटली. सावंतमास्तर म्हणाले, शिक्षकाएवढा पगार असावा. लगेच कोणीतरी विचारलं, अनुदानित की विनाअनुदानित? यावर मास्तरांचा आवाज चढला आणि अर्धा तास शिक्षणखात्यावर गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचं म्हणणं, ज्यांची कामं नसतील त्यांनी का द्यावं? वहिनी म्हणाल्या, "तुमच्या घरी आग लागली नाही म्हणून बंबवाल्याचा पगार कापता का?" कोणीतरी मागून म्हणालं, आधीच्या मेंबरने कधी पगार मागितला नाही. "मागितला नाही," वहिनी म्हणाल्या, "आणि गाड्या दोन घेतल्या." हॉलमध्ये हशा पिकला, पण वहिनी हसल्या नाहीत.

पेडणेकरांनी धंद्यातला तोडगा काढला. "दळणासारखं करूया. जेवढं काम तेवढे पैसे. गटाराचे अमुक, दाखल्याचे तमुक."

"चालेल की," वहिनी म्हणाल्या. "मग मी सकाळी उठून देवाला नमस्कार करेन आणि म्हणेन, आज दोन गटारं तुंबू देत."

पेडणेकर खाली बसले. बारा वाजता मार्ग दिसू लागला. मंडळाची वर्गणी काढतो तशी दर घरटी महिन्याला थोडी रक्कम काढायची, वहिनींना महिन्याचा ठरलेला पगार द्यायचा, आणि दर सोमवारी त्यांनी फळ्यावर कामं लिहायची. कोणी फार खूश नव्हतं, पण कोणी उठूनही गेलं नव्हतं, आणि आमच्याकडे यालाच एकमत म्हणतात. मी अध्यक्ष म्हणून फक्त "मंजूर" एवढंच म्हणायचं होतं.

तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. मला वाटलं, समारोपाचे दोन शब्द बोलावेत. मी उभा राहिलो आणि आमच्या लोकांना माईक हातात आला की जे होतं ते मलाही झालं. मी म्हणालो, वहिनींनी या विभागासाठी जे केलं त्याचं मोल पैशात करणं हा त्यांच्या सेवेचा अपमान आहे. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या ऐकून मला आणखी चेव आला. आई मुलाला जेवू घालते तेव्हा पगार मागते का, असंही मी विचारलं. टाळ्या वाढल्या. परब पिशवीतून शाल आणि नारळ घेऊन पुढे आले. ते त्यांनी येतानाच आणलं होतं. दोन मिनिटांत वहिनींच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता, आणि तीन तास घासून काढलेला पगाराचा विषय कुठल्या कुठे गेला होता. घरटी काही द्यायचं नाही, या आनंदात लोक चपला शोधू लागले.

वहिनींनी शालीचा कोपरा हातात घेतला. डाग होताच. त्या या वेळी परबांकडे बघून हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून, बाकी कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "भावोजी, तुमच्या बँकेत पगारवाढीसाठी संप झाला होता ना? तेव्हा तुम्हाला काय दिलं होतं हो? शाल?"

मी ते हसण्यावारी नेलं आणि घरी गेलो.

त्यानंतर महिन्याभरात त्या दादरला एका दंतवैद्याकडे कामाला लागल्या. त्यांची दाढ ज्याने काढली होती तोच डॉक्टर. फोन घ्यायचे, पेशंटना वेळ द्यायची, रांग सांभाळायची. आमच्याकडे जे केलं तेच, फक्त तिथे महिन्याच्या एक तारखेला पगार मिळायचा. सकाळी नऊला त्या डबा घेऊन चाळीतून बाहेर पडायच्या आणि जिन्यात भेटलेल्या माणसाने गटाराचा विषय काढला की हसून घड्याळ दाखवायच्या.

निवडणूक अखेर लागली. पक्षाने त्यांना विचारलंही नाही, म्हणून त्या अपक्ष उभ्या राहिल्या. त्यांच्या पत्रकावर पहिलंच वाक्य होतं : "निवडून आले तर पगार घेईन, आणि तुम्हाला जाब विचारता येईल." खाली वेळ आणि गुरुवारची सुट्टी. या वेळी वॉर्ड खुला झाला होता आणि समोरचा उमेदवार तरुण, उमदा, हात जोडलेला. त्याच्या बॅनरवर लिहिलं होतं की तो मानधनाचा एक पैसाही घेणार नाही. तो निवडून आला, गेल्या निवडणुकीपेक्षा दुप्पट ढोलताशे वाजले आणि वहिनी पडल्या. आमच्याच चाळीतून त्यांना कमी मतं मिळाली.

मी कोणाला मत दिलं ते आता सांगून टाकतो. आयुष्यभर पगारवाढीच्या घोषणा दिलेला मी, मशीनसमोर उभा राहिलो आणि मला वाटलं, हा मुलगा फुकट करतोय तर काय वाईट आहे? संध्याकाळी वहिनी जिन्यात भेटल्या तेव्हा मात्र मी म्हटलं, "वहिनी, आमचं मत तुम्हालाच हं."

"असू दे हो भावोजी," त्या म्हणाल्या. "मत गुप्त असतं ते याचसाठी. खोटं बोलायचे कष्ट वाचतात."

पुढच्या महिन्यात त्यांनी खोली सोडली आणि डोंबिवलीला, लग्न झालेल्या मुलीजवळ राहायला गेल्या; दादरची नोकरी मात्र तशीच चालू होती. सामान टेम्पोत चढत असताना त्या वर आल्या आणि माझ्या हातात एक पिशवी दिली. आत ती शाल होती. त्या सभेनंतर ती परत मागायचं परबांना धाडस झालं नव्हतं. "नव्या मेंबरच्या सत्काराला लागेल," वहिनी म्हणाल्या. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. नव्या मेंबरच्या सत्काराच्या वेळी परबांनी शाल कुठे आहे म्हणून विचारलं, तेव्हा मी माहीत नाही म्हणालो. ती अजून माझ्या कपाटात आहे.

मागच्या पंधरवड्यात आमच्या चाळीच्या मागचं गटार तुंबलं. पाच दिवस वास सहन करून मी नव्या मेंबरच्या ऑफिसात गेलो. तीन फेऱ्यांनंतर तो भेटला. उठून उभा राहिला, हात जोडले, माझ्या पायांना हात लावला. मी जरा आवाज चढवून म्हटलं, पाच दिवस झाले, हे काय चाललंय? तो म्हणाला, "काका, मी तर एक रुपया घेत नाही. आपली सेवा म्हणून जेवढं जमतं तेवढं करतो." आणि इतक्या नम्रपणे हसला की माझ्या तोंडून काय निघावं? "थँक यू" निघालं. मी त्याचे आभार मानून बाहेर आलो, आणि गटार होतं तिथेच होतं.

नाक्यावर फळ्यासमोर उभा राहून मी वहिनींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वॉर्ड ऑफिसात कोणत्या मजल्यावर जायचं, कोणाला भेटायचं, अर्जात कोणतं वाक्य आधी लिहायचं आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे त्यांनी एका दमात सांगितलं. मग म्हणाल्या, "भावोजी, हे फुकट सांगितलंय हं. चुकलं तर मला बोलायचं नाही."

"वहिनी," मी म्हटलं, "त्या रविवारी माझं चुकलं. मंजूर एवढंच म्हणायचं होतं."

पलीकडून दवाखान्यातल्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"सुरमई तरी गरम मिळाली का त्या दिवशी?"

"नाही," मी म्हटलं. "थंड झाली होती."

"हे खरं बोललात," वहिनी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम दहा ते एकमधला झाला. "बरं, ठेवते. पेशंट आलाय, मी ड्युटीवर आहे."